त्रास अक्षराचा नव्हे, पांढऱ्या पानाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोतीबिंदूचे निदान झाले की संगणकावर काम करणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो तो अक्षर मोठे करण्याचा. सल्ला खोटा नाही, पण त्याची पाळी नंतर येते. अक्षर दीडपट, दुप्पट करूनही ओळी पुसट दिसतात, डोळे दिपतात, तासाभरात कपाळ जड होते. मग माणूस चष्मेवाल्याला बोल लावतो, नाहीतर डोळे कामातून गेले असे ठरवून मोकळा होतो. खरा अपराधी असतो ते समोरचे पांढरेशुभ्र पान. पत्र थोडे लांबेल, पण विषय तपशिलातच समजण्यासारखा आहे.

मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते तेव्हा प्रकाश नुसता अडत नाही, तो विखुरतो. मोटारीच्या पुढच्या काचेवर धूळ असली आणि समोरून दिवे आले की रस्ता दिसेनासा होतो, तसेच हे. स्क्रीनच्या पांढऱ्या भागातला प्रकाश भिंगात फुटून दृष्टिपटलावर सगळीकडे सांडतो आणि काळ्या अक्षरांच्या जागीही पडतो. समजण्यापुरता हिशेब मांडू. पांढऱ्याची उजळता १०० आणि काळ्याची १ धरा. अक्षरांनी पानाचा दहावा भाग व्यापला आहे आणि भिंग प्रकाशाचा पाचवा हिस्सा इकडेतिकडे सांडते असे माना. पांढऱ्या पानावर ही सांड १८ च्या आसपास होते, म्हणजे पांढरे ११८ आणि काळे १९. शंभरास एक असलेला उठाव, म्हणजे उजळ आणि गडद यांतला फरक, सहास एक इतकाच उरला. आता रंग उलटे करा, काळ्या पानावर पांढरी अक्षरे. उजेड देणारा भाग आता दहावाच आहे, म्हणून सांड २ होते. अक्षर १०२, पान ३, उठाव चौतिसास एक. भिंग तेच, डोळा तोच. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातील गॉर्डन लेग आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये अधू दृष्टीच्या वाचनावर केलेल्या प्रयोगांतही हेच दिसले : ज्यांच्या डोळ्यातले माध्यम गढूळ आहे ते काळ्यावर पांढरे अधिक वेगाने वाचतात. निरोगी डोळ्याला मात्र सहसा पांढऱ्यावर काळेच बरे पडते. त्यामुळे घरातल्या तरुणाने ‘मला तर डार्क मोडचा त्रास होतो’ म्हटले तर ते त्याच्यापुरते खरे असते.

मात्र मोतीबिंदू एकाच तऱ्हेचा नसतो, आणि इथेच सरसकट सल्ले फसतात. गाभ्याचा मोतीबिंदू हळूहळू पिवळा, मग तपकिरी होतो. त्यात चष्म्याचा नंबर उणेच्या बाजूला सरकतो आणि जवळचे वाचायला चाळिशी लागेनाशी होते. लोक खूश होतात; नजर सुधारली म्हणून पेढे वाटायचेच बाकी ठेवतात. प्रत्यक्षात तो मोतीबिंदू वाढत असल्याचा पुरावा असतो. पिवळे भिंग निळा प्रकाश गिळते, त्यामुळे गडद निळे आणि काळे सारखेच भासते; ई-मेलमधली निळी लिंक आजूबाजूच्या मजकुरात मिसळून जाते.

कडेच्या मोतीबिंदूत चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा परिघाकडून मध्याकडे येतात. अंधारात बाहुली मोठी झाली की या रेषा प्रकाशाच्या वाटेत येतात, अक्षराला जुळे अक्षर दिसते आणि दिव्याभोवती खळे पडते. अशा डोळ्याने अंधाऱ्या खोलीत काम करू नये. खोलीत मध्यम उजेड हवाच.

तिसरा मोतीबिंदू भिंगाच्या मागच्या पृष्ठभागावर, बरोबर मधोमध येतो. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांत आणि मधुमेहींत तो अधिक आढळतो. डाग लहान, पण जागा वाईट. लखलखीत उजेडात बाहुली आकसते आणि सगळा प्रकाश त्या डागातूनच जाऊ लागतो. जवळचे वाचतानाही बाहुली आकसते. म्हणून हा माणूस लांबची पाटी वाचतो, पण पांढऱ्या स्क्रीनपुढे हतबल होतो. काळे पान आणि मंद उजेड यांचा सर्वाधिक फायदा त्यालाच. तपासणीच्या कागदावर प्रकार बहुधा एनएस (गाभ्याचा), कॉर्टिकल (कडेचा) किंवा पीएससी (मागच्या पृष्ठभागाचा) असा लिहिलेला असतो. तो विचारून घ्यावा. दोन प्रकार एकत्रही असतात.

धूसरपणाचे सारे खापर मोतीबिंदूवर फोडण्यापूर्वी स्क्रीनसमोर बसूनच चार चाचण्या करता येतात. एक, सावकाश दोन-तीनदा पापण्या मिटाव्यात. अक्षर क्षणभर स्वच्छ होऊन पुन्हा मळत असेल तर डोळ्याचा कोरडेपणा त्यात सामील आहे; स्क्रीनकडे पाहताना पापण्या लवण्याचे प्रमाण निम्म्याहून खाली जाते. दोन, जाड कागदाला एक मिलिमीटरचे छिद्र पाडून त्यातून पाहावे. अक्षर स्पष्ट झाले तर बहुतेक वेळा चष्म्याचा नंबर बदललेला असतो. तीन, कपाळावर हाताचा आडोसा धरावा. तेवढ्याने मजकूर उठून दिसला तर गुन्हेगार वरचा किंवा समोरचा दिवा आहे. चार, अक्षर दोन दिसत असेल तर एकेक डोळा झाकून पाहावा. एकाच डोळ्याने पाहतानाही दोन दिसले तर कारण त्या डोळ्यातच आहे, मोतीबिंदू किंवा नंबर. कुठलाही एक डोळा झाकताच जुळे नाहीसे होत असेल तर दोन डोळ्यांचा मेळ सुटला आहे. हे अचानक सुरू झाले असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे; त्याचा मोतीबिंदूशी संबंध नाही.

आता प्रत्यक्ष स्क्रीन. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, कलर्स या वाटेने ‘डार्क’ निवडता येते. पण त्याने फक्त त्याला मानणारे प्रोग्रॅम काळे होतात. सगळे काही उलटायचे तर ॲक्सेसिबिलिटीमधील ‘कॉन्ट्रास्ट थीम्स’ घ्याव्यात. डावीकडचे ऑल्ट, डावीकडची शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन एकत्र दाबल्यासही त्या चालू-बंद होतात. तिसरा मार्ग मॅग्निफायरचा : विंडोज आणि अधिक चिन्ह दाबून तो उघडावा, मग कंट्रोल-ऑल्ट-आय दाबले की अख्खी स्क्रीन उलट्या रंगांत येते, विंडोज-एस्केपने तो बंद होतो. मॅकवर कंट्रोल-ऑप्शन-कमांड-८ ने रंग उलटतात, पण आधी ॲक्सेसिबिलिटीच्या शॉर्टकटमध्ये ती सोय सुरू असावी लागते. उलट्या रंगांत फोटो निगेटिव्हसारखे दिसतात, म्हणून हा मार्ग मजकुरापुरता. आणखी एक फसगत : पारदर्शक पार्श्वभूमीवर काळ्या रेषेत काढलेल्या आकृत्या, सूत्रे, स्कॅन केलेल्या सह्या डार्क मोडमध्ये काळ्यावर काळ्या होऊन गायब होतात. मजकुरात मोकळी जागा दिसली तर रंग परत सरळ करून पाहावे.

काळे म्हणजे ठार काळे आणि पांढरे म्हणजे ठार पांढरे असू नये. तसे केले की प्रत्येक अक्षराला खळे पडते, विशेषतः डोळ्यात सिलिंड्रिकल नंबर असेल तर. काळ्याच्या जागी कोळशासारखा राखाडी, पांढऱ्याच्या जागी फिकट राखाडी किंवा पिवळसर. पिकलेल्या भिंगातून पिवळा रंग चांगला पार होतो. काळ्यावर निळी किंवा लाल अक्षरे मात्र टाळावीत. दोन्ही मुळातच अंधूक असतात. ज्यांना काळे पान मानवतच नाही त्यांनी पांढऱ्याऐवजी फिकट बदामी किंवा राखाडी पान करावे आणि उघडलेली खिडकी स्क्रीनभर पसरू न देता मजकुराच्या रुंदीएवढीच ठेवावी. दोन्ही बाजूंचे रिकामे पांढरे पट्टे वाचायच्या कामाचे नसतात, ते नुसते डोळ्यात उजेड ओततात. या उपायाला काहीच लागत नाही आणि तोच सर्वांत कमी वापरला जातो.

वर्डच्या नव्या आवृत्त्यांत काळी थीम घेतली की पानही काळे होते. ‘व्ह्यू’मधील ‘स्विच मोड्स’ने ते परत पांढरे करता येते, आणि छपाई दोन्ही वेळा पांढऱ्यावरच होते. ॲक्रोबॅट रीडरमध्ये प्रेफरन्सेस, ॲक्सेसिबिलिटी येथे ‘रिप्लेस डॉक्युमेंट कलर्स’ आहे. पीडीएफ मजकुराची असेल तरच तो चालतो. स्कॅन केलेल्या पानावर त्याची मात्रा चालत नाही. कंट्रोल-४ ने ‘रीफ्लो’ केले तर ओळी स्क्रीनच्या रुंदीत मोडतात आणि आडवे सरकवत वाचावे लागत नाही.

अक्षर मोठे करणे आता. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे त्यासाठी स्क्रीनचे रिझोल्यूशन कमी करणे. एलसीडीला एकच रिझोल्यूशन नेमके जमते. दुसरे दिले की प्रत्येक कड पसरते, आणि आधीच धूसर डोळ्याला धूसर अक्षर मिळते. रिझोल्यूशन ‘रेकमेंडेड’ लिहिलेलेच ठेवून डिस्प्लेमधील ‘स्केल’ १२५ किंवा १५० टक्के करावे. नुसता मजकूर वाढवायचा तर ॲक्सेसिबिलिटीतील ‘टेक्स्ट साइझ’ २२५ टक्क्यांपर्यंत जाते. ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि अधिक. नवा मॉनिटर घ्यायचा झाल्यास हे लक्षात असू द्या : १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या २४ इंची मॉनिटरवर एक ठिपका सुमारे ०.२८ मिलिमीटरचा असतो, २७ इंचीवर ०.३१ चा. म्हणजे तीच अक्षरे काही न करता बाराएक टक्के मोठी. पृष्ठभाग मॅट घ्यावा. चकचकीत काचेत खिडकीचे प्रतिबिंब अक्षरांच्या मागे येऊन बसते.

माउसचा बाण हरवणे ही या आजारातली हमखास चिडचीड. ॲक्सेसिबिलिटीत बाणाचा आकार १५ पायऱ्यांपर्यंत वाढवता येतो, आणि रंग ‘इन्व्हर्टेड’ ठेवला तर तो काळ्यावर पांढरा, पांढऱ्यावर काळा होतो. टंकलेखनाची उभी रेघ जाड करण्याची सोयही तिथेच, ‘टेक्स्ट कर्सर’ या नावाने.

देवनागरीची अडचण रोमनपेक्षा वेगळी आहे. आपल्याकडे अर्थ टिंबांवर आणि शेपट्यांवर टांगलेला असतो. अनुस्वार, रफार, उकार, पोटातली तिरकी रेघ, या गोष्टी सर्वांत आधी जातात. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ब’ आणि ‘व’ एकमेकांत मिसळतात. ‘मद’ आणि ‘मंद’ यांतला फरक एका टिंबाचा. शिवाय वर-खाली मात्रांना जागा सोडावी लागत असल्याने त्याच पॉइंटमध्ये देवनागरी अक्षराचे अंग लहान येते. म्हणून इंग्रजीला १२ पॉइंट पुरत असतील तर मराठीला १५-१६ ठेवावेत, ओळींतले अंतर दीडपट, आणि फॉन्ट एकसारख्या जाडीच्या रेघेचा. मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी यांची ‘मीडियम’ वजने चांगली. जुना मंगल बारीक पडतो. अगदी ठळकही नको. ठळक टाइपात अक्षरांची पोटे बुजतात आणि ‘ष’चा ‘प’ होतो.

मॉनिटरची ब्राइटनेस ठरवायला शेजारी कोरा कागद धरावा. पांढरी स्क्रीन कागदापेक्षा उघडच उजळ, दिव्यासारखी दिसत असेल तर कमी करा. राखाडी दिसत असेल तर वाढवा. ‘कॉन्ट्रास्ट’चे बटण शंभरवर नेल्याने उठाव वाढत नाही, फिकट छटा एकमेकींत विरघळतात. टेबल असे ठेवावे की खिडकी उजव्या किंवा डाव्या हाताला येईल. पाठीमागे असली तर स्क्रीनवर प्रतिबिंब, समोर असली तर थेट डोळ्यात. डोक्यावरची उघडी ट्यूब हलवता येत नसेल तर पुढे छज्जा असलेली टोपी घालावी. हसण्यासारखे वाटेल, पण उपाय नेमका आहे. अंधाऱ्या खोलीत पांढरी स्क्रीन हा सर्वांत वाईट मेळ. चष्म्यावरचे ओरखडे आणि बोटांचे ठसेही प्रकाश विखरतात. डोळ्यातल्या धुक्यात निदान काचेवरच्या धुक्याची भर नको.

चष्म्याबाबत एक मापन घरून करून न्यावे. नेहमीसारखे बसून डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. जवळचा चष्मा साधारण ४० सेंटिमीटरसाठी असतो, त्याला लांबच्या नंबरात अडीच डायॉप्टरची (डायॉप्टर हे नंबराचे एकक) भर लागते. ६० सेंटिमीटरवरच्या स्क्रीनला सुमारे १.६७ पुरते. बायफोकलच्या खालच्या चकतीतून स्क्रीन पाहण्यासाठी माणूस हनुवटी वर करतो आणि मग मान दुखते म्हणून भलत्याच डॉक्टरकडे जातो. स्क्रीनच्या अंतराचा एकेरी नंबराचा वेगळा चष्मा, प्रतिबिंबरोधक लेप असलेला, हे खरे उत्तर. गाभ्याच्या मोतीबिंदूत हा नंबर काही महिन्यांत पुन्हा सरकू शकतो, तेव्हा महागडी फ्रेम करण्यात अर्थ नाही. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांवर पैसे घालू नयेत. त्यांनी डोळ्यांचा शीण कमी होत असल्याचे २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसले नाही. संगणकाने मोतीबिंदू होत नाही की वाढत नाही, आणि तो विरघळवणारे सिद्ध झालेले थेंबही नाहीत.

हे सारे उपाय शस्त्रक्रियेपर्यंतचे आहेत, तिच्या ऐवजी नव्हेत. मोतीबिंदू ‘पिकेपर्यंत’ थांबण्याची गरज आता राहिलेली नाही. फार पिकलेले भिंग कडक होते आणि ते फोडायला अधिक ऊर्जा लागते. अडचण अशी की तक्त्यावर ६/९, म्हणजे जवळजवळ पूर्ण, वाचणाऱ्याला ‘अजून वेळ आहे’ म्हणून परत पाठवले जाऊ शकते. तक्त्यावर पूर्ण काळी अक्षरे असतात आणि खोली मंद असते. स्क्रीनचा त्रास तिथे उमटत नाही. तेव्हा डॉक्टरांना नेमके सांगावे : किती वेळाने वाचन थांबते, पांढऱ्या पानावर काय होते, काळ्यावर काय. उजेडात दृष्टी मोजण्याची आणि पेली-रॉबसन तक्त्यावर उठावाची चाचणी करता येते, ती मागावी.

कृत्रिम भिंगाची निवड करतानाही तेच टेपचे माप कामाला येते. एककेंद्री भिंग लांबसाठी बसवले तर स्क्रीनला चष्मा लागतो. ते उणे दीड डायॉप्टरवर ठेवले तर ६७ सेंटिमीटरवरची स्क्रीन बिनचष्म्याची दिसते आणि गाडी चालवताना चष्मा लागतो. त्रिकेंद्री भिंगे दोन्ही साधतात, पण प्रकाश वाटून घेत असल्याने उठाव थोडा घटतो आणि रात्री दिव्यांभोवती खळी दिसू शकतात. कोरडेपणा असेल तर मोजमापाआधी त्यावर उपचार करून घ्यावेत. कोरड्या बुबुळाची वक्रता चुकीची मोजली जाते आणि भिंगाचा नंबर चुकतो. एक डोळा झाला आणि दुसरा बाकी असला की एकात पांढरे निळसर, दुसऱ्यात पिवळट दिसते. तेवढ्या दिवसांत रंगांचे काम करू नये. वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा पांढरे पान खुपू लागले तर मोतीबिंदू परत आला असे नव्हे, भिंगामागचे आवरण धुरकटलेले असू शकते. काही मिनिटांच्या याग लेझरने ते मोकळे करतात. शस्त्रक्रियेनंतर वाढती वेदना, लाली, घटणारी नजर, डोळ्यापुढे चमका किंवा काळ्या ठिपक्यांचा सडा, यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट पाहू नये.

शेवटी आपल्या वृत्तपत्र-व्यवसायाकडे वळतो. वेबसाइटसाठीचे आंतरराष्ट्रीय निकष साध्या मजकुराला किमान साडेचारास एक उठाव मागतात आणि मजकूर दुप्पट करूनही पान मोडू नये असे म्हणतात. बातमीखालची तारीख, छायाचित्राची ओळ, ‘पुढे वाचा’ ही अक्षरे अनेकदा १५३ क्रमांकाच्या राखाडीत (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा) असतात. पांढऱ्यावर त्यांचा उठाव २.८५ भरतो. हाच राखाडी ११८ वर आणला की ४.५४ होतो. मात्र वरचाच हिशेब लावला तर मोतीबिंदूच्या डोळ्यात तोही तीनास एकच्या आसपास येतो, म्हणून मुख्य मजकूर काळाच हवा. ई-पेपर तर बहुतेक ठिकाणी पानाचे नुसते चित्र असते. ते मोठे केले की फुटते, त्याचा फॉन्ट बदलत नाही, आणि मजकूर नसल्याने संगणक ते मोठ्याने वाचूनही दाखवू शकत नाही. बातमीवर टिचकी मारली की तिचा खरा मजकूर वेगळ्या चौकटीत उघडावा, चौकटीच्या डोक्यावर अक्षर वाढवण्याचे आणि पान काळे करण्याचे अशी दोन बटणे असावीत आणि एकदा केलेली निवड दुसऱ्या दिवशीही टिकावी. आपल्या तांत्रिक विभागाकडे हे पत्र पाठवावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक